नर्सरीचा पाइप धरलेली बाई

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्या बायका आमच्या गल्लीत कमी नाहीत. मी त्यांच्यात बसून शेंगा सोलायचे, ऐकायचे आणि मनात म्हणायचे — यांना घरी कामं नाहीत वाटतं! मोठ्याने काही म्हणायचा माझा स्वभाव नाही. चार माणसांत बोलायची वेळ आली की माझी जीभ टाळूला चिकटते. शाळाही चौथीपर्यंतच झाली, तेव्हा लिहिण्यात चुकलं तर सांभाळून घ्या. नाव देत नाही, नातेवाईक वाचतात.

असल्या गोष्टींवर माझा आजही विश्वास नाही. पण जे झालं त्याचं काय करू... आणि त्यात भूतही नाही, हीच तर अडचण आहे.

आम्ही वाघोलीच्या पुढे, नगर रस्त्यापासून थोडं आत राहतो. दोन खोल्या, वर पत्रा. घरात मी, आमचे हे आणि सासूबाई. मुलगी सासरी. सासूबाईंचं अर्धं अंग लुळं पडलंय, त्यांचं सगळं जागेवर करावं लागतं. ह्यांचा छोटा टेम्पो आहे. पहाटे भाजी भरून मार्केट यार्डाला जायचं, दुपारी परत.

त्या दुपारी मी आणि शेजारच्या कांताकाकू सासूबाईंना अंघोळ घालत होतो. एकटीला त्या उचलवत नाहीत, म्हणून काकू रोज येतात. अंगाला साबण लावलेला, आणि धडाम् आवाज झाला. पत्रा थरथरला, फडताळातली पातेली खाली आली. सासूबाई तोंडातल्या तोंडात ओरडायला लागल्या. बाहेर बघितलं तर रस्त्याच्या बाजूला काळा धूर, झाडांच्याही वर. कुणीतरी पळत सांगत गेलं, पेट्रोलचा टँकर उलटला होता, बघायला माणसं जमली होती आणि तेवढ्यात तो पेटला.

ह्यांची यायची तीच वेळ. मी फोन लावला, लागेना. पुन्हा लावला. पळत जावं म्हटलं तर सासूबाई अर्ध्या ओल्या, घाबरून त्यांनी माझा हात धरलेला. काकू म्हणाल्या, "अगं, आधी म्हातारीला कोरडी कर. तू तिथं जाऊन काय आग विझवणार हायस?" मग आम्ही दोघींनी त्यांना पुसलं, कपडे घातले, खाटेवर टेकवलं. मी घरातल्या गाऊनवर होते. हा सगळा वेळ मी घरात होते आणि काकू माझ्याबरोबर होत्या, हे लक्षात ठेवा.

मग माझा फोन वाजला. अनोळखी नंबर. एक बाई जोरात बोलत होती, मागे सायरन.

"ताई, तुम्ही मध्येच कुठे गेलात? पेशंटबरोबर अॅम्ब्युलन्समध्ये बसा म्हटलं होतं ना!"

मी म्हटलं, "कोण बोलतंय?"

"मी आरोग्य केंद्राची सिस्टर. आत्ता तर तुम्ही मला हा नंबर दिलात! तुमच्या मिस्टरांना ससूनकडे... थांबा, नाही, बदललं —" तिने दुसऱ्या एका मोठ्या हॉस्पिटलचं नाव सांगितलं. "लवकर या, आणि आधार कार्ड आणा."

मला वाटलं, गर्दीत तिचा काहीतरी घोटाळा झाला असेल. सासूबाईंना काकूंवर सोडलं आणि मी रिक्षाने गेले.

हॉस्पिटलच्या दारात जत्रेसारखी माणसं. जळालेल्यांना शहरातल्या वेगवेगळ्या हॉस्पिटलांत वाटून पाठवलं होतं. चेहरे सुजलेले, कपडे जळून गेलेले, त्यामुळे कोण कोणाचं हे कळेना. बायका एका हॉस्पिटलातून दुसऱ्यात रडत पळत होत्या. रक्त द्यायला कॉलेजची मुलं रांगेत उभी. मला मात्र कुणाला विचारावंच लागलं नाही. ह्यांच्या दंडावर चिकटपट्टी होती आणि त्यावर पेनाने लिहिलं होतं — संपत, आडनाव, वय, माझा फोन नंबर. नाव कुणी सांगितलं असं मी विचारलं, तर वॉर्डातली मुलगी म्हणाली, "बायकोने, असं लिहिलंय इथे. म्हणजे तुम्हीच ना?"

मी गप्प बसले. तशी मी बसतेच.

ह्यांचे दोन्ही हात कोपरापर्यंत, मान आणि पाठ भाजली होती. डोळे सुजून मिटलेले. पेटायच्या आधी टँकरच्या ड्रायव्हरला बाहेर काढायला गेले होते हे. डॉक्टर म्हणाले, "वेळेवर भरपूर पाणी पडलं म्हणून निभावलं. कुणी टूथपेस्ट, हळद, शाई काही लावलं नाही, हे फार चांगलं झालं." मी मान हलवली. खरं सांगू? आजवर भाजलं की मी टूथपेस्टच लावत आले. हे माझ्या हाती सापडले असते तर अख्खी ट्यूब रिकामी केली असती.

डोळ्यांची सूज उतरली तेव्हा ह्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी मागे वळून पाहिलं, दुसरं कोण आलंय म्हणून.

"काय धाडस गं तुझं," म्हणाले. "मला वाटायचं, तू झुरळाला भितेस."

"झुरळाला भितेच मी. काय केलं मी?"

तेव्हा ह्यांनी सगळं सांगितलं. रस्त्याकडेला झाडांची नर्सरी आहे. तिथला लांब हिरवा पाइप ओढत मी आले म्हणे. एकेकाला सावलीला बसवून अंगावर पाणी सोडत होते. रसवंतीवाला बर्फ घेऊन आला तर त्याला ओरडले — बर्फ नको, साधं पाणी! कुणीतरी दुकानातून टूथपेस्ट आणली ती हिसकावून फेकून दिली. रसवंतीवाल्याची बायको भाजली होती, तिचे हात सुजायच्या आत बांगड्या काढल्या. आणि सगळ्यात जास्त वेळ ह्यांच्याजवळ बसले.

"नावाने हाक मारत होतीस मला," हे म्हणाले. "संपत, झोपू नकोस. संपत, माझ्याकडे बघ. एकेरीत!" आणि हसले. हसताना मान दुखते, तरी हसले.

मी लग्नाला इतकी वर्षं झाली तरी ह्यांचं नाव घेतलेलं नाही. उखाण्यातसुद्धा अडखळले होते.

मी सांगितलं — अहो, ती मी नव्हते. मी घरी होते, काकूंना विचारा. हे म्हणाले, "धक्का बसलाय तुला. डॉक्टर म्हणत होते, असं होतं, आठवत नाही माणसाला." काकूंनीही सांगून पाहिलं. ह्यांनी ऐकून घेतलं आणि काकू गेल्यावर म्हणाले, "म्हातारीच्या भ्रमिष्टपणाला सुरुवात झाली."

मग कुणीतरी मोबाइलवर काढलेला व्हिडिओ आला. धूर आहे, पळापळ आहे, आणि मध्येच ती दिसते. माझं नाक. माझे खांदे. माझी पोपटी साडी, काठाला ठिगळ लावलेली — जी त्या वेळी माझ्या घरात बादलीत भिजत पडली होती, आणि पुढे दोन दिवस तशीच राहिल्याने तिला कुबट वास सुटला होता. कुणाला तरी हाताने बोलावत ती हसते. मी हसले की तोंडावर पदर घेते. ती घेत नाही. सगळे दात दाखवते. आणि बाई चांगली दिसते हो... माझाच चेहरा, पण मी आरशात कधी तशी दिसले नाही.

हे तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा बघायचे. फोन मीच धरायचे, ह्यांच्या हातांना बँडेज. म्हणजे विचार करा, माझा नवरा दुसऱ्या बाईकडे टक लावून बघतोय आणि मी त्याला फोन धरून दाखवतेय.

घरी आल्यावर गल्लीत आरोग्य केंद्राची माणसं दारोदार येत होती. पेट्रोल नाल्यात उतरलं होतं, म्हणून विहिरीचं पाणी पिऊ नका म्हणून सांगायला, खोकला-दम, डोळे तपासायला. ती सिस्टरही आली. मला बघून तिने मिठीच मारली. "ट्रेनिंग कुठे घेतलंत हो तुम्ही? आम्ही पोचेपर्यंत निम्मं काम झालं होतं आमचं!" मी म्हटलं, "मी नव्हते ती." ती ह्यांना म्हणाली, "किती साधी आहे हो वहिनी."

पुढे शाळेच्या हॉलमध्ये सत्कार ठेवला. मला स्टेजवर खुर्ची! घामाने ब्लाउज भिजला. माइक समोर आल्यावर कसंबसं म्हटलं, "ती मी नव्हते." मग जो टाळ्यांचा कडकडाट झाला... नगरसेवक म्हणाले, "याला म्हणतात विनय!" रसवंतीवाल्याच्या बायकोने माझ्या पायांवर डोकं ठेवलं. खाली उतरल्यावर कांताकाकू कानात म्हणाल्या, "गप बस आता. नारळ घे आन् चल." शाल तिची, खांदा माझा. ती शाल मी अजून अंगावर घेतलेली नाही.

पण एवढ्यावर थांबलं असतं तर मी सोसलं असतं. एका संध्याकाळी ह्यांना भरवत होते. घास गिळून हे म्हणाले, "तुला बघायला आलो होतो तेव्हा तू स्वयंपाकघराच्या खिडकीतून माझे कान बघत होतीस... हे इतकी वर्षं का नाही सांगितलंस?"

माझा हात तिथेच थांबला.

ही गोष्ट मी कुणालाही सांगितलेली नाही. आईला नाही, मुलीला नाही. ह्यांचे कान मोठे, उन्हात लाल दिसत होते. मला ते इतके आवडले की देवाला म्हटलं, ह्यांनी हो म्हणू दे. एवढंच माझ्याजवळ होतं. कधीतरी सांगेन, म्हातारपणी सांगेन, म्हणून जपून ठेवलेलं. आणि ती सटवी रस्त्यावर, लोकांत, पाइप हातात धरून ते सांगून मोकळी झाली!

त्या दिवसापासून मी तिचा राग राग करू लागले. तिने नवरा वाचवला, कबूल. पण पुढचं कुणी केलं? ड्रेसिंगला न्यायचं, खाज सुटली की रडणाऱ्या माणसाला सांभाळायचं, मायलेकांचं दोघांचं जागेवर करायचं — ते मी. आणि हे माझ्याकडे बघून वाट तिची बघायचे. मी चहा घेऊन आले की ह्यांचा चेहरा उजळायचा, आणि मी गप्प उभी राहिले की विझायचा.

हातांची कातडी भरत आली तशी आखडायला लागली. उजवी मूठ उघडेना. व्यायाम शिकवणाऱ्या मॅडम म्हणाल्या, रोज बोटं ताणा, ओरडले तरी सोडू नका, नाहीतर हात असाच राहील. मग स्टिअरिंग विसरा. हे मला हात लावू देईनात. "दुखतंय. तू त्या दिवशी बोललीस तसं बोल, मग करतो." रोज हेच. त्या दिवशीसारखं बोल. त्या दिवशीसारखं हस.

एके सकाळी तेलाची वाटी घेऊन बसले होते आणि हे पुन्हा तेच म्हणाले. मी ह्यांचा हात धरला, अंगठा ओढला आणि बोलायला लागले. आवाज माझाच मला अनोळखी.

"माझा बाप गेला तेव्हा तुम्ही मला दहाव्यालासुद्धा थांबू दिलं नाहीत. माझ्या आईला कोण अंघोळ घालणार, असं म्हणून न्यायला आलात. आणि रिकामा टेम्पो कशाला न्यायचा म्हणून मंचरला कांदा भरलात. मी पोत्यांवर बसून आले. बापाला रडत, कांद्याच्या पोत्यांवर बसून! वाटेत तुम्ही एकदा थांबून विचारलंत, कशाबद्दल? तर ताडपत्री नीट धरलीय ना म्हणून."

हे ओरडत होते, दुखत होतं म्हणून. मी बोट सोडलं नाही. एक झालं, दुसरं घेतलं. अजून बरंच बोलले, ते इथे लिहीत नाही. सासूबाई खाटेवरून डोळे मोठे करून बघत होत्या. मूठ उघडली तेव्हा आम्ही दोघंही घामाघूम.

हे तळहात उलटासुलटा करून बघत होते. मग हळूच म्हणाले, "ती तर सगळं चांगलंच बोलत होती."

मी तेलाची वाटी बाजूला सरकवली.

"म्हणजे ती तू नव्हतीस."

इतके महिने मी हेच तर ऐकायला तडफडत होते. ऐकलं, आणि उठून मोरीत जाऊन रडले. कशासाठी ते अजून कळलेलं नाही. बाहेर आले तर ह्यांनी डाव्या हाताने उजव्या हाताची बोटं स्वतःच ताणायला घेतली होती.

आता हे पुन्हा टेम्पो चालवतात. लांबचं नाही, जवळपासचं. ती कोण होती, माझं रूप घेऊन का आली, तिला आमची नावं, नंबर, माझ्या मनातलं कसं ठाऊक — डॉक्टरांना विचारलं, देवळातल्या गुरवालाही विचारलं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, गुरवाने अंगारा. पुन्हा ती कुणाला दिसली नाही. व्हिडिओ आहे, तो मात्र हे अजून कधीतरी बघतात. मी शेजारी बसते. बघू देते.

परवा मीच विचारलं, "अहो, त्या दिवशी कानांचं सोडून अजून काय काय सांगितलं हो तिने माझं?"

ह्यांनी फोन खिशात ठेवला.

"ते आमच्या दोघांतलं आहे," म्हणाले.