जनावर चालणार न्हाय

नव्या चादरीची घडी मोडली की खळीचा वास येतो आणि माझं डोकं अजून तापतं. बहात्तरच्या दुष्काळानंतर आम्ही सांगोला सोडून सोलापुरात आलो आणि चादरी विणणाऱ्या एका मागवाल्याच्या अंगणातली खोली भाड्यानं घेतली. आमच्याबरोबरची मांजर बघून मालकानं पहिल्याच दिवशी बजावलं, "जनावर चालणार न्हाय." आईनं ती मावशीकडं ठेवली. पुढं खळ लावलेल्या सुतावर उंदीर तुटून पडले, तेव्हा मालकीणच आमच्या दारात आली. "ओ, तुमची मांजर आणा की. लई नुकसान व्हायलंय." मांजर आली, मागांच्या खडखडाटात सुताच्या गठ्ठ्यांमधून हिंडली आणि उंदीर नाहीसे झाले. मग एका दुपारी ती विकायच्या चादरींच्या ढिगातच व्याली. मालकानं ती ओली, आंधळी पिल्लं पोत्यात कोंबली आणि पोतं आमच्या उंबऱ्यावर आदळलं. "जनावर चालणार न्हाय म्हणलं होतं की! खोली खाली करा." कधी आवाज न चढवणारी आई कडाडली, "उंदीर होते तवर चालत होतं व्हय?" आम्ही मांजर आणि पिल्लं घेऊन खोली सोडली. महिन्याभरात मालकीण आमचं नवं घर शोधत आली. "उंदीर परत लागलेत ओ. चार दिवस मांजर द्या की." आई पिल्लांना दूध घालत होती. "तुमच्यात जनावर चालत न्हाय की," एवढंच म्हणून तिनं दार लावलं. आईचं तेवढ्यावर भागलं. माझं नाही. त्या नवराबायकोला सुनवायचं राहिलेलं सगळं मला आज म्हातारपणीही, चादर अंगावर ओढताना, शब्दाशब्दानं सुचत राहतं.