मेणाची वडी आणि माझा भंडारा

गावात मी खंडोबाचा मोठा भगत म्हणून मिरवतो. पण माझ्याच भक्तीनं माझ्या बायकोचा घात होतो की काय, अशी धास्ती मला एकदा वाटली. ते आजवर बायकोशिवाय कुणाला सांगितलं नाही. मनावरचं ओझं उतरावं म्हणून लिहून काढतो आहे.

आमचं गाव ताडकळसजवळ. बायकोच्या गळ्यात थायरॉइडची गाठ झाली आणि परभणीत ऑपरेशन करून अर्धी ग्रंथी काढली. पण गाठ साधी की कर्करोगाची, ते तपासणीत नक्की होईना. संशयाचा भाग एकाच तुकड्यात होता. डॉक्टर म्हणाले, पेशी बघायला नेहमी देतात त्या रंगावर यापेक्षा जास्त कळत नाही. नांदेडच्या लॅबमध्ये त्याच तुकड्याच्या पातळ कापांना खास रंग देतात, वाईट पेशी बहुधा तो रंग धरतात, त्यानं निदानाला मदत होईल. तुकडा बसवलेली मेणाची लहानशी वडी त्यांनी माझ्या हातात दिली आणि बजावलं, जशीच्या तशी पोचवा, उन्हापासून जपा.

जशीच्या तशी पोचवेन तर मी कसला! आमच्याकडे महत्त्वाची वस्तू भंडारा लावल्याशिवाय घराबाहेर पडत नाही, मग बियाण्याची पिशवी असो की नवी मोटारसायकल. मी वडी देवापुढे ठेवली, चांगला मूठभर भंडारा घालून डबीत बंद केली आणि डबी छातीशी धरून एसटीत बसलो. वैशाखाचं ऊन, गच्च भरलेली गाडी. नांदेड येईपर्यंत माझं एकच मागणं चाललं होतं, देवा, रंग धरू देऊ नको.

लॅबमधल्या बाईंनी डबी उघडली आणि वडी उजेडात धरली. उन्हानं मेण मऊ पडून हळद त्यात रुतली होती.

"काका, हे कुणी केलं?"

"मीच. देवाचा भंडारा हाय."

"रंग द्यायचं काम आमचं हाय ना? तुमी कशाला घाई केली?"

त्या हसून बोलल्या, पण आपण काय करून बसलो ते मला तेव्हा कळलं. गाठ तर काढून टाकलेली, दुसरा तुकडा आणणार कुठून? बाहेरच्या बाकावर बसलो, तर देवाचं नावही तोंडात येईना. स्वतःची अशी चीड मला कधी आली नव्हती. रंग धरू नये, हा हट्टही गळून पडला. जे असेल ते असो, पण माझ्यामुळे तिचं निदान अडकू नये, एवढंच वाटत राहिलं.

बाईंची जेवायची वेळ झाली होती. डबा तसाच ठेवून त्यांनी वडी बर्फावर गार केली, ब्रशनं झाडली आणि यंत्रावर वरचे थर कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ कापत गेल्या. जास्त कापलं तर तुकडाच संपेल, हे त्यांनी आधीच सांगितलं होतं. मी उघड्या दारातून बघत होतो आणि बघवतही नव्हतं. तासाभरानं त्या बाहेर आल्या.

"खाली चांगला भाग हाय, काका. भागंल तेवढ्यात."

त्यांचं नावही मला ठाऊक नाही. मी हात जोडले आणि मला रडू कोसळलं.

आठ दिवसांनी रिपोर्ट आला. रंग धरला होता. कर्करोगच होता, पण वेळेत कळला. उरलेली ग्रंथी काढली. बायको आता रोज सकाळी उपाशीपोटी गोळी घेते आणि शेतात माझ्याआधी पोचते. त्या अनोळखी बाईंच्या रूपानं कोण आलं होतं, याचा वाद मी घालत नाही. उपकार मात्र जन्मभर विसरणार नाही.

दुसऱ्या ऑपरेशनच्या सकाळी मी बायकोला सगळं कबूल केलं. तरी जिवाला चैन नव्हतं. घडीघडीला नर्सला विचार, कोणता नवस बोलू ते आठव, असं चाललं होतं. शेवटी बायकोनंच माझी बाही धरली.

"तुमी आता काईच करू नका. फकस्त बसा इथं."

मी बसलो. इतकी वर्षं देवापुढे बसत आलो, पण काही न मागता बसलो तो त्या दिवशी, तिच्या खाटेशी.