कागदावरची काजळी

भात पिवळं पडलं की आमच्या गावात रानडुकरं उतरतात आणि परवान्याच्या ठासणीच्या बंदुका खुंटीवरून खाली येतात. शेजारचे भाऊकाका बंदुकीची दारू घ्यायला निघाले, तेव्हा मीही सोबत गेलो. त्यांनी दोन प्रकारांची चिमूट चिमूट दुकानाच्या दाराबाहेर पांढऱ्या कागदांवर पेटवली. एक भपकन उजळली आणि कागद काळा करून गेली. दुसरी निमूट जळाली. मागे फिकट डाग उरला.

“पहिली घेवा, हिचो आवाज मोठो,” दुकानदार म्हणाला.

“आवाज तुझ्या सासऱ्याक ऐकव,” काका म्हणाले. “नळयेत काजळी साचता, बार मागे उसळता, आणि थंय गाल माझो असता.” त्या गालावर भाजल्याचा जुना व्रण आहे.

मी चळवळीच्या पत्रकांवर वाढलो. आमच्यातही शब्द आवाजावरून निवडतात. घोषणा भडकते, सभा उजळते; काजळी मात्र ज्याने ती घोषणा गालाशी धरली त्याच्याकडे साचत जाते. पेटवून पाहिलेला कागद आम्ही कधी कुणाला दाखवत नाही.

काकांनी दुसरी दारू घेतली. दुकानदाराने काळा कागद चुरगाळून टाकला. काकांनी तो उचलला, उलगडला आणि त्याच्या काउंटरवर ठेवला.

“हयच ऱ्हवांदे. पुढच्या गिऱ्हायकाक दिसांदे.”