वहिनीला येणारे दिल्लीचे फोन

हे मी कुणालाच सांगितलेलं नाहीये. रूममेटला नाही, आईला तर बिल्कुल नाही. आता टाइप करायला बसलेच आहे तर भराभर लिहून टाकते — थांबले की डिलीट करेन.

मी बारावीत होते. आम्ही नोएडात. दादा लग्न करून लगेच न्यू जर्सीला गेला, आणि वहिनी व्हिसाची वाट बघत आमच्याकडे राहिली. दादाचा फोन रविवारी यायचा, कॉलिंग कार्डवरून, सगळ्यांसाठी. त्या फोनला कॉलर आयडीवर नंबरच यायचा नाही, नुसत्या रेघा. पण इतर दिवशीही फोन यायचे, आई ऑफिसात असताना. वहिनी कॉर्डलेस घेऊन बेडरूममध्ये जायची. दार बंद.

मी मागून नंबर बघायचे. दिल्लीचा. रोज वेगळा, पण दिल्लीचाच — सांगलीहून चार महिन्यांपूर्वी आलेल्या मुलीला इथे ओळखतंय कोण? एकदा तर मी उलटा फोन लावला. असा नंबरच अस्तित्वात नाही म्हणे. मग माझी खात्रीच पटली. कोणीतरी आहे, आणि हुशार आहे.

"कुणाचा गं रोज फोन?" मी विचारलं.

"ह्यांचा. कंप्युटरवरून करतात, स्वस्त पडतं. आईंना नको हं सांगूस, म्हणतील रोज काय एवढं बोलायचं असतं."

यार, इतकं सरळ खोटं? दादा अमेरिकेतून बोलणार आणि नंबर दिल्लीचा येणार?

मी दादाला चॅटवर सगळं सांगितलं. त्याने वहिनीला विचारलं, ती म्हणाली, तुमचेच फोन येतात, दुसरं कोणी नाही. तो म्हणाला, माझा फोन इथून येतो, दिल्लीतून नाही. पुढे व्हिसाचे कागद त्याने पाठवलेच नाहीत. वहिनीचे बाबा न्यायला आले. निघताना ती मला म्हणाली, "सई, तुला सांगितलं होतं ना गं मी?" मी तिची बॅग लिफ्टपर्यंत नेली. दोन वर्षांनी घटस्फोट झाला.

आता मी लंडनला शिकतेय. आल्या आल्या नेटवरून घरी स्वस्तातला कॉल लावला. आई म्हणाली, "अगं, तू आलीस की काय? दिल्लीचा नंबर दिसतोय." आणि हसली. मग एकदम गप्प झाली. तिला कळलं? की मलाच तसं वाटलं? मी पटकन जेवणाचं काहीतरी बोलले.

आता तुम्ही म्हणाल, लहान होतीस, तुला काय माहीत असे नेटवरचे कॉल कुठून कुठून फिरून येतात आणि तिथलाच कुठलातरी नंबर दाखवतात. हो — एवढंच असतं तर मी हे कधीच सांगून टाकलं असतं.

पण दादाने तेव्हा चॅटवर एक प्रश्न विचारला होता. किती वाजता येतात हे फोन?

मला माहीत होतं. चार वाजता. मी शाळेतून येऊन चहा घ्यायचे तेव्हा, रोज चारलाच. तो तिकडे सकाळी ऑफिसला निघायच्या आधी वहिनीला फोन करायचा — तेव्हा आपल्याकडे दुपारचे चार. मी "चार" लिहिलं असतं तर त्याला तिथल्या तिथे कळलं असतं, अरे, हा तर मीच. पण नुसतं "चार वाजता" फार साधं वाटत होतं. मला वाटलं, एवढ्याने तो ऐकायचा नाही. मी लिहिलं — कधीही येतात. सकाळी, रात्रीसुद्धा.

रात्री एकही फोन आला नव्हता.

वहिनी सांगलीत आहे, एवढंच ऐकून आहे. मागच्या महिन्यात दादाचं दुसरं लग्न ठरलं. मला फोनवर म्हणाला, "तू तेव्हा लक्ष ठेवलंस म्हणून वाचलो बघ."

मी म्हणाले, "हं." आणि साखरपुड्याला कुठल्या रंगाची साडी नेसू ते विचारलं.