त्याचं खलास, आईचं खलास

दुबईची आठवण म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर काचेच्या बिल्डिंगा आणि उंट आले असतील. वर त्यात स्टोइक तत्त्वज्ञान आहे म्हटल्यावर चादर गुंडाळलेला एक दाढीवाला ग्रीक म्हाताराही आला असेल. सॉरी. उंट मी इथं अजून पाहिलेला नाही. चादर गुंडाळलेला माणूस मात्र रोज बघतो, कारण तो माझ्या शेजारच्या बेडवर झोपतो.

इंटरनॅशनल सिटीत एका फ्लॅटमध्ये आम्ही पाच पोरं राहतो. मी तासगावच्या शाळेत सगळ्या सरांचे आवाज काढून मोठा झालेला. इथंही सुपरवायझरपासून खालच्या वॉचमनपर्यंत कुणाला सोडलेलं नाही. जेवायला बसलं की पोरं म्हणायची, "हां, आज कोण?" की मी सुरू.

मग हा चादरवाला आला राहायला. कोल्हापूरचा, अकाउंट्समधला, माझ्याहून थोडा मोठा. बसमध्ये कानात हेडफोन घालून स्टोइक लोकांबद्दल ऐकत बसायचा. मी विचारलं, "हे काय असतंय?"

"जे आपल्या हातात नाही, त्यावर डोकं तापवायचं नाही. जे हातात आहे, ते नीट करायचं. बास."

"एवढ्यासाठी हेडफोन? आमची म्हैस हे न ऐकता करती."

सगळे हसले. तोही हसला, अगदी मनापासून. तिथंच माझं बिनसलं. ज्याची चेष्टा केली त्यानं जरा तरी चिडायला नको का?

ऐन ऑगस्टात एसी बंद पडला. मी मेंटेनन्सवाल्यावर इतका ओरडलो की त्यानं "टुमारो, इन्शाल्ला" म्हणून फोनच ठेवला. ह्यानं टॉवेल भिजवून सगळ्यांना दिले, दहीभात कालवला आणि म्हणाला, "उद्या येतोय ना तो? मग खलास." खलास म्हणजे इकडच्या बोलीत मिटलं, विषय बंद. इथं उठता-बसता सगळेच म्हणतात, पण तो म्हणाला की खरंच मिटायचं. त्याची टीम लीडची जागा दुसऱ्याला दिली, त्या दिवशीही घरी येऊन त्यानं सगळ्यांसाठी चहा टाकला. "माझं काम मी नीट केलं. पुढचं माझ्याकडं नव्हतं. खलास."

पोरं माझ्या नकला ऐकत राहिली, पण अडचण आली की त्याच्या बेडवर जाऊन बसायला लागली. माझ्या बेडवर फक्त वाळलेले कपडे.

हेही मी चालवून घेतलं असतं. पण एकदा माझा फोन बंद होता म्हणून माझ्या आईनं त्याला फोन केला, आणि मग करतच राहिली. माझ्याशी दोन मिनिटं, ती पण रागवायला. त्याच्याशी अर्धा अर्धा तास! एवढं काय बोलते ती? मी विचारलं तर तो म्हणायचा, "काही नाही रे, असंच." माझी आई, आणि 'असंच' त्याचं!

एका शुक्रवारी तो आंघोळीला गेला होता. फोन किचनमध्ये चार्जिंगला. स्क्रीनवर 'काकू' आणि माझ्या आईचा फोटो. मी उचलला. आवाज लावला त्याचा, संथ, एकेक शब्द इस्त्री केल्यासारखा.

"बोला काकू."

"बाळा, सर्दी गेली का रे तुझी? ओवा घेतलास?"

बाळा! मी आठवडाभर खोकत होतो, मला कुणी ओवा विचारला नव्हता.

"गेली काकू."

"आणि आमचं ध्यान कुठं आहे? दुपारपासून फोन उचलंना. खोकला आहे ना त्याला? त्याला विचारलं की कुणाचा तरी आवाज काढून उडवून लावतंय, म्हणून तुला विचारते बघ. खरं सांग, बरा आहे ना?"

म्हणजे अर्धा तास माझंच चाललेलं असायचं. आईला धीर द्यावा, आणि तो देतो तसाच द्यावा, असं मनात आलं. मी त्याच्या आवाजात, हळूच, त्याचा शब्द टाकला.

"काकू, त्याची काळजी आता सोडा. तो विषय खलास."

"कोण खलास?" मग भांडं पडल्याचा आवाज. "अगं बाई! माझं पोरगं!"

"आई! आई, मी आहे! मीच बोलतोय! जिवंत आहे! तो आंघोळीला गेलाय!"

माझ्या ओरडण्यानं तो डोक्यावर साबण घेऊनच बाहेर आला. काय झालं ते सांगितलं, आणि ज्यासाठी मी महिनोन्‌महिने धडपडलो होतो ते घडलं. तो चिडला.

"अरे गाढवा! घरी बोलताना तो शब्द मी कधी वापरतो का? गावाकडं खलास म्हणजे माणूस गेला!"

नुसता आवाज उचलून चालत नाही, तो आवाज कुणाशी काय बोलायचं टाळतो हेही ऐकावं लागतं, हे तेव्हा कळलं. पण विचार करायला वेळ कुठला? फोनमध्ये आई सुरू झाली होती.

"मुडद्या! आईला मारतोस काय? त्या पोराचा आवाज काढून मला फसवतोस? लाज वाटली का? इतक्या लांब गेलास ते हेच करायला? त्याच्याजवळ राहतोस, आवाज तेवढा घेतलास होय रे त्याचा? खोकला आहे का नाही ते अजून सांगितलं नाहीस!"

"आहे गं थोडा."

"मग ओवा घे. आणि गप बस. फोन दे त्याला, त्याचं डोकं ओलं असंल, पुसायला सांगते."