मिठागरातली मुलगी

“अक्का गेली,” गोपाळराव फोनवर म्हणाले. मी काही बोलायच्या आत पुन्हा म्हणाले, “खरंच गेली.”

दुपार कलली होती, बँकेतली गर्दी ओसरत आली होती. गोपाळराव म्हणजे सगुणाअक्काचे धाकटे भाऊ, चेन्नईजवळ तांबरमला राहणारे. शेवटचे काही दिवस अक्का त्यांच्याकडेच होती. फुप्फुसांत पाणी झालं होतं, तरी अजून थोडे दिवस हाताशी आहेत असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. मरणाची बातमी देताना कोणी ‘खरंच’ म्हणत नाही. त्या घरात मात्र म्हणावं लागतं. का, ते अक्कानेच मला सांगितलं होतं, आणि त्या एका शब्दाने मला काउंटरमागे बसल्या जागी रडू फुटलं. या गोष्टीला आता दीडेक महिना झाला. सुट्टीचा शनिवार आला की जेवणं आटोपल्यावर दाराची बेल वाजेल असं अजून वाटतं... आणि खरंच वाजली तर काय करायचं, याची धास्तीही वाटते.

आम्ही सांगलीहून चेन्नईला आलो ते नवऱ्याच्या नोकरीमुळे. तो गुम्मिडिपूंडीच्या कारखान्यात. कंपनीची बस त्याला आम्ही राहतो त्या अड्यारहून उजाडायच्या आत घेऊन जाते आणि दिवेलागणीनंतर आणून सोडते, शनिवारीसुद्धा. मी बदली मागून इथल्या शाखेत आले. इमारतीत कुणाची भाषा कळेना, माझी कुणाला कळेना. एकदा लिफ्टमध्ये आईशी फोनवर बोलत होते, तर शेजारी उभी असलेली सडपातळ, पांढऱ्या केसांची बाई माझ्याकडे टक लावून बघत राहिली आणि फोन ठेवल्यावर म्हणाली, “मराठी काय गे तू? कोण्या गांवची?” बखरीतून उठून कुणी लिफ्टमध्ये शिरावं तसं मला झालं. तिचे पूर्वज भोसल्यांबरोबर तंजावरला गेलेले. घरात तीनशे वर्षांपूर्वीची मराठी, तिला तमिळचा हेल. ‘काय करते आहेस’ला ती ‘काय करूलालीस’ म्हणायची आणि ‘हो’ला ‘होव’. पहिल्याच महिन्यात तिने मला ‘अहो अक्का’ म्हणण्यापासून परावृत्त केलं. म्हणाली, “आमच्यांत आईस, अक्कास, देवास, तूंच.”

मला जुन्या, गाजलेल्या सिनेमांचं वेड कॉलेजपासूनचं. जगाने थोर म्हणून ठरवलेले सिनेमे एकेक करून बघायचे आणि आज ते कसे वाटतात ते तपासायचं, हा माझा एकटीचा खेळ होता. अक्का एकदा रिकामं पातेलं परत द्यायला आली, सोफा सोडून खिडकीजवळच्या वेताच्या खुर्चीत टेकली आणि सिनेमा संपेपर्यंत उठली नाही. तेव्हापासून आम्ही दोघी झालो. तिने तांबरमच्या शाळेत जन्मभर भूगोल शिकवलेला, त्यामुळे निकाल देताना हात आखडता नसे. सिनेमा संपला की ती तमिळमध्ये एकच शब्द म्हणायची. ‘निक्कुम’, म्हणजे उभा राहील. किंवा ‘निक्कादु’, नाही राहायचा. मी वाद घालायचे. ज्या दिग्दर्शकाचं नाव घेताना समीक्षक कानाची पाळी धरतात, त्याच्या सिनेमाला ती शांतपणे ‘निक्कादु’ म्हणून कॉफी मागायची. “बायकोस मारतो, आणि संगीत त्याच्या दुःखाचें वाजूलालं,” असं एकदा म्हणाली. मी तो सिनेमा चार वेळा पाहिला होता, आणि ते संगीत मला फार आवडायचं. पाचव्यांदा बघवला नाही.

तिची एक सवय मात्र मला चमत्कारिक वाटे. नायक-नायिकांपेक्षा तिचं लक्ष मुलांवर आणि जनावरांवर असायचं. युद्धाच्या एका विख्यात सिनेमात घोडा गोळी लागून कोसळतो. मी त्या दृश्याच्या मांडणीवर बोलत होते, तर ती म्हणाली, “त्या घोड्यास सांगितलें होतें काय कुणी, हा सिनेमा आहे म्हणून?” मी हसले. ती हसली नाही. एखादं लहान मूल पडद्यावर रडायला लागलं की ती मान फिरवून बाहेरच्या बदामाच्या झाडाकडे बघत राहायची, आणि ते दृश्य सरलं हे आवाजावरून ओळखून परत वळायची.

मग एका शनिवारी मी तो सिनेमा लावला. मिठागरात राबणाऱ्या एका कुटुंबाची गोष्ट, कृष्णधवल, तमिळ. जुनी खराब झालेली प्रत दुरुस्त करून नुकतीच पुन्हा दाखवायला लागले होते, आणि जिथे तिथे त्याच्याबद्दल लिहून येत होतं. विशेषतः त्यातल्या एका दृश्याबद्दल. आई गेल्याचं कळताच आठ वर्षांची मुलगी मिठागराच्या बांधावरून धावत येते आणि शेवटी आभाळाकडे हात उंचावते. बालकलाकाराने असं काम आजवर केलेलं नाही, असं सगळे म्हणत. श्रेयनामावली सुरू झाली तशी अक्का उठून उभी राहिली.

“हा नको गे.”

“पाहिला आहेस का?”

“नाही,” ती म्हणाली. “यांत मी आहे.”

मी टीव्ही बंद केला. ती परत बसली, आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत बोलू लागली. तिचे वडील, अप्पा, कोडंबाक्कमच्या एका स्टुडिओत हिशेबनीस होते. शाळेला सुट्टी म्हणून पोरीला सोबत नेलेलं. दिग्दर्शकाने तिला पाहिलं आणि हीच हवी म्हणाला. सगळं चित्रण नीट झालं, पण शेवटचं धावण्याचं दृश्य काही जमेना. डोळ्यांत औषध घातलं, रागावून पाहिलं, लाडीगोडी लावली. पाणी यायचं, पण चेहरा रडायचा नाही. उन्हाने सगळे कावलेले. त्याच दिवशी आईला बाळंतपणासाठी दवाखान्यात नेलेलं होतं, आणि हे दिग्दर्शकाला ठाऊक होतं. अक्काला बांधाच्या दुसऱ्या टोकाला उभं केलं. इकडे कॅमेऱ्याशेजारी अप्पा. दिग्दर्शकाने भोंगा त्यांच्या हातात दिला.

“दुसऱ्या कुणाचें मी खरें मानलें नसतें,” अक्का म्हणाली. “अप्पाने मराठींत सांगितलें. तेथें तें कुणास कळतही नव्हतें. ‘सगुणा, आई गेली गे’... इतकेंच.”

ती धावली. मिठाने पाय फाटले. मग सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, कुणीतरी तिला उचलून फिरवलं, कागदात बांधलेला म्हैसूरपाक दिला. संध्याकाळी दवाखान्यात नेलं, तर आई खाटेवर बसलेली, मांडीवर बाळ. ते बाळ म्हणजे गोपाळराव. “आई हंसली मला बघून,” अक्का म्हणाली. “मी जवळ गेले नाही. मज वाटलें, हीच खोटी.”

अप्पांना ती कधी काही बोलली नाही. घरात त्या सिनेमाचं नाव कुणी काढत नसे. मोठी झाली, शिक्षिका झाली, अप्पा निवृत्त झाल्यावर आईवडील तंजावरला परतले. एक दिवस शाळेत अप्पांचा फोन आला. तेच शब्द, तोच आवाज. सगुणा, आई गेली गे. अक्काने फोन खाली ठेवला, वर्गात परत गेली आणि नद्यांचा धडा पुरा केला. पुढचाही तास घेतला. “मी लपवूलाले नव्हते दुःख,” ती मला समजावत होती, जणू मी तिच्यावर काही आरोप केला होता. “मज तें खरेंच वाटलें नाही. तो आवाज ऐकिला कीं आतून कुणी म्हणे, आतां टाळ्या वाजतील.” दुसऱ्या दिवशी गोपाळरावांचा फोन आला तेव्हा ती गाडीत बसली. पोचली तोवर सारं उरकलं होतं. खूप वाट पाहिली तुझी, एवढंच अप्पा म्हणाले. तेव्हापासून त्या घरात कुणी गेलं की सांगणारा ‘खरंच’ म्हणतो. कुणी ठरवलं नाही, तशी प्रथाच पडून गेली. पुढे अंथरुणाला खिळलेल्या अप्पांचं सगळं अक्कानेच केलं, शेवटपर्यंत. त्यावरही दोघं बोलले नाहीत.

त्यानंतर आमचे शनिवार चालू राहिले, पण तो सिनेमा खोलीत कुठेतरी बसून असायचा. बंद टीव्हीच्या काळ्या काचेत आम्हा दोघींच्या मागे मला आणखी कुणी दिसतं की काय, असं वाटे. एका खुर्चीत सत्तरीची बाई, आणि कुठल्यातरी बांधावर तीच, आठ वर्षांची, जगभरच्या लोकांसमोर रोज नव्याने आई गमावणारी. कुणीही बटण दाबावं आणि तिने धावावं.

मग आजार आला. डॉक्टरांनी काय ते स्पष्ट सांगितलं. भावाकडे जायच्या आधीच्या शनिवारी अक्का धापा टाकत जिना उतरून आली. लिफ्ट बंद होती. बसली, पाणी प्यायली आणि म्हणाली, “लाव तो.”

मी कुठला ते विचारलं नाही. सुरुवातीला ती नेहमीसारखी परीक्षकच होती. नायकाची लांबलचक भाषणं, पुठ्ठ्याचा चंद्र, जमीनदाराच्या मिशा... “पोरें हंसतील आतां,” म्हणाली. आणि मग तो पांढरा लखलखीत बांध आला. मी सिनेमाऐवजी तिच्याकडे बघत होते. या वेळी तिने मान फिरवली नाही. मुलगी धावत आली, मोठी होत गेली, हात वर केले, आणि दृश्य तुटलं.

“मागे घे.”

मी मागे घेतलं. तिने पुन्हा पाहिलं. तिसऱ्यांदा ती खुर्चीतून पुढे वाकली आणि बोटाने पडद्याकडे दाखवत म्हणाली, “हात बघ. वर कोठें गे? आभाळाकडे नव्हेत ते.”

मी बघितलं. इतक्या लोकांनी इतकं लिहिलं, मीही ते सारं वाचूनच बघत आले होते. मुलीची नजर कॅमेऱ्याच्या जरा बाजूला, तिथे उभ्या असलेल्या कुणावर तरी खिळली होती. हात उंचावले होते ते उचलून घे म्हणणाऱ्या मुलाचे असतात तसे.

“मज जन्मभर वाटे, मी आईकडे धावूलाले. घराकडे,” अक्का हळूच म्हणाली. “अप्पाकडेच धावले कीं गे.”

“उचललं का त्यांनी?” माझ्या तोंडून निघून गेलं.

ती आठवत राहिली. “उचललें कुणीतरी,” म्हणाली. “तो होता कीं दुसरा कुणी... तेवढें मात्र आठवत नाही.”

जायला उठली तेव्हा मी निकाल विचारला. विचारायला नको होता की काय, कोण जाणे. पण आमचा रिवाज होता. दाराच्या चौकटीला धरून ती थांबली. “सिनेमा निक्कादु,” म्हणाली. आणि थोड्या वेळाने, “पोर निक्कुम.”

मागच्या शनिवारी बेल वाजली. दारात गोपाळराव होते. वरचं अक्काचं घर आवरायला आलेले, हाताला धूळ. आत आले, इकडचं तिकडचं बोलले, आणि मग एकाएकी म्हणाले, “तो सिनेमा मी कधी पाहिला नाही. मी जन्मलो त्या दिवसाचा आहे, एवढं ऐकून आहे.” वेताच्या खुर्चीकडे मी हात केला, पण ते तिथे बसले नाहीत. खाली जमिनीवर, सोफ्याला टेकून बसले. त्यांना आता कमी ऐकू येतं, म्हणून मी आवाज वाढवला.

बांध आला. मुलगी अजून लांब होती, पांढऱ्या उजेडात नुसता एक ठिपका. गोपाळरावांनी गुडघ्यांवरचे हात काढले आणि पडद्याकडे सरकले. ती धावत धावत जवळ येत होती, चेहरा दिसू लागला होता, आणि ते मोठ्याने, पार बांधाच्या त्या टोकाला ऐकू जावं अशा आवाजात म्हणाले,

“अक्का, आई बरी आहे गे! मुलगा झाला आहे!”