रिकामी म्हणून हातात दिलेली रायफल

शाळा मी सहावीतच सोडली. रत्नागिरीकडून इंदूरला आलो तेव्हा ओळखीचं कुत्रंही नव्हतं. गिरणीच्या हपिसात मला चिकटवलं ते तिथल्या बडे बाबूंनी, म्हणजे हेडक्लार्कनी. तीन पिढ्या इंदुरातच काढलेले मराठी. मी मॅट्रिक आहे असं त्यांनी गिरणीच्या साहेबांना सांगून टाकलं होतं. खरं काय ते दोघांनाच ठाऊक. त्यामुळे बाबू नुसते हसले तरी मला वाटायचं, आता बोलतात.

संस्थानं जाऊन मध्य भारत राज्य झाल्यावर शाळेतल्या पोरांना रायफल शिकवायची टूम निघाली. पोरं सांभाळायला बिनपगारी मोठी माणसं हवी होती. बाबूंनी आपल्याबरोबर माझंही नाव दिलं. "चल रे कोकण्या, रविवारी घरी बसून काय करशील?"

शिकवायला संस्थानी फौजेतले एक पेन्शनर सुभेदार होते. आता अन्नपूर्णेचं देऊळ आहे त्याच्या पलीकडे तेव्हा सगळी शेतंच. तिथे एका टेकाडाआड आमची चांदमारी, नेमबाजीची जागा. सुभेदारांनी पहिल्याच दिवशी बजावलं, "रायफल हातात आली की बोल्ट उघडायचा, आत काडतूस आहे का बघायचं, करंगळी लावायची. देणारा सख्खा बाप का असेना! देखो भिया, हे ज्याला जमणार नाही त्याच्या हाती मी पोरं देणार नाही."

पोरं हाती देण्याआधी, शिकवणीच्या शेवटच्या रविवारी, आम्हा मोठ्यांची परीक्षा होती. माझी जोडी लागली बाबूंशी. त्यांनी रायफल पुढे केली. "रिकामी आहे, घे."

सुभेदार पाठमोरे उभे होते. मुद्दाम, असं मला वाटलं. बाबू हसत होते. आत खोटं काडतूस घालून दोघांनी संगनमत केलंय की काय? की बाबूच बघतायत, हा मला किती मानतो ते? यांच्या एका शब्दावर मी जेवत होतो. बोल्ट ओढला, वाकून पाहिलं, करंगळी लावली.

आत काही नव्हतं.

"मी झूठ बोलतो काय?" बाबू हळूच म्हणाले. "साहेबांनी तुझं शिक्षण विचारलं, तेव्हा मी काय बोललो ते आठवतंय ना?"

"बाबू, कोणी असतं तरी मी..."

"बस कर यार."

सुभेदार वळले; मी बोल्ट ओढल्याचा आवाज त्यांनी ऐकला होता. "कोकणी पास. बाबूजी, देतानाही बोल्ट उघडा हवा, तुम्ही बंद ठेवून रायफल दिलीत. पुढल्या रविवारी परत या." आमच्याबरोबर परीक्षेला आलेले दोन मास्तर फिसकन हसले. बाबूंचे कान लाल झाले.

आठवडाभर त्यांनी मला चहाला हाक मारली नाही. साहेबांची घंटी वाजली की वाटायचं, झालं, सांगितलं वाटतं यांनी. मला कोणी बोलावलं नाही.

पुढल्या रविवारी बाबूंनी परीक्षा दिली आणि पास झाले. मग स्वतःच्या मुलाला आणून सरळ माझ्या रांगेत उभं केलं. "याला हेच शिकवतील," माझ्याकडे बोट दाखवून एवढंच सुभेदारांना म्हणाले, आणि मागे बाभळीखाली बसून माझ्या हातांकडे बघत राहिले. विश्वासानं आणलं की माझी चूक पकडायला, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

माझी सहावी त्यांनी कधीच कुणाला सांगितली नाही. घंटीला मात्र मी पुढे वर्षभर दचकत राहिलो. आणि बोल्ट उघडून बघायला विसरला की त्यांच्या पोरावर सगळ्यांत जास्त डाफरायचो. बाबूंसाठी करण्यासारखं माझ्याजवळ दुसरं होतं तरी काय?